अंगावर पाजायला शिकवण्यासाठी व्हीआर हवं की माणूस?

घोडबंदरकर:
ठाणे-नवी मुंबईतल्या प्रसूतिगृहांनी आठव्या महिन्यातच आईबाबांना दूध पाजण्याचा सराव व्हीआरवर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी दृश्यात, द्यावा, असं माझं ठाम मत आहे. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला पाजायला घ्यायचं असतं आणि तेव्हा बाई पार थकलेली असते. नवं शिकायची ती वेळच नव्हे. हेडसेटमध्ये बाळ आईच्या नजरेतून दिसतं. नाक स्तनाग्रासमोर आणायचं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला जवळ ओढायचं. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. भिंतीवरच्या तक्त्यावर हे सगळं समोरून दिसतं.

पारसिक:
अजिबात पटत नाही. आईच्या नजरेतून खालचा ओठ दिसतच नाही, तो स्तनाआड जातो. तिला बाळाची स्तनावरची पकड कळते ती स्पर्शावरून. दुखणं थांबत नसेल तर पकड उथळ आहे. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. डोकं मागून दाबलं की बाळ उलट मान मागे टाकतं. हात मानेखाली आणि खांद्यांमागे हवा. तो दाब किती असावा, हे व्हीआरचा हातात धरायचा कंट्रोलर कसं शिकवणार? त्यापेक्षा तीन किलोचं बाहुलं आणि कापडी स्तन घ्या.

उपवन:
ओठाचा मुद्दा बिनतोड आहे. पण म्हणूनच हेडसेट बाबांना आणि आजीला द्या! बाजूने बघणं त्यांचंच काम आहे. बाकी २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान ६ ओले लंगोट, सुरुवातीला उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून येणं, हे सांगायला एक कागद पुरतो.

वाशीखाडी:
सगळे पूर्ण दिवसांच्या बाळांबद्दलच बोलताय. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण गर्भारपणाच्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला वाटी-चमचा किंवा बोंडल्याने पाजताना पालक हमखास घाई करतात. दूध तोंडात ओतायचं नसतं. बाळाला अर्धवट बसतं धरून, कड ओठाला टेकवून त्याला स्वतःहून घेऊ द्यायचं. नाकपुड्या फुगणं, बोटं ताठ पसरणं, ओठांच्या कडेने दूध गळणं, ओठ निळसर होणं: यांतलं काहीही दिसलं की थांबायचं. हे बाहुलं दाखवू शकत नाही, आणि खऱ्या बाळाचा जीव घुसमटायची वाट बघत शिकवणं मला मान्य नाही. इथे व्हीआर हवंच.

पारसिक:
नवजात अतिदक्षता विभागापुरतं मान्य. पण बाळ मांडीवर असताना हेडसेट नको. सिझेरियन झालेल्या बाईला तर नकोच. गरगरून उलटी आली तर टाक्यांवर ताण येतो. हेडसेटची चेहऱ्याला लागणारी स्पंजची गादी काढून पुसता येणारी सिलिकॉनची बसवा. काच कोरड्या मऊ कापडाने पुसा, स्पिरिटने तिचा लेप जातो. आणि पैसे दूध पावडर किंवा बाटल्यांच्या कंपनीचे नकोत. १९९२च्या कायद्याने त्यांची जाहिरात बंद केली आहे, ती या वाटेने वॉर्डात शिरायला नको.

घोडबंदरकर:
या अटी रास्त आहेत. मात्र बाहुलं पुरेल हे अजूनही मान्य नाही. बाहुलं तोंड उघडत नाही, आणि नेमका कोणत्या क्षणी बाळाला जवळ घ्यायचं तिथेच बहुतेक जणी चुकतात.

पारसिक:
मग दोन्ही ठेवा. पण घरी सोडण्याआधी एक पूर्ण पाजणं परिचारिकेने शेजारी बसून बघायचं, हे हेडसेट आला म्हणून वगळायचं नाही.