गुण तेच राहिले, वेटेज फिरलं आणि बिल्डर बदलला

दादरकर : काल एकीने लिहिलं, "तज्ज्ञांना कमीजास्त वेटेज देणं शास्त्रीयच आहे, शंका काढणारे रीडेव्हलपमेंट अडवतात." डोकं फिरलं माझं. आमच्या सोसायटीत आर्किटेक्टने पहिल्या बिल्डरला 8 आणि दुसऱ्याला 6 गुण दिले. सीएने 6 आणि 9, स्ट्रक्चरल इंजिनिअरने 5 आणि 7. तिघं सारखे धरले तर दुसरा 22 विरुद्ध 19 ने पुढे. हे गुण हातात आल्यावर कमिटीने वेटेज ठरवलं : आर्किटेक्टच्या गुणांना 60 टक्के, बाकी दोघांना 20-20. पहिला 7, दुसरा 6.8! एकाही तज्ज्ञाने मत बदललं नाही, तरी निकाल फिरला. वेटेज टेंडर उघडण्याआधी मिनिट्समध्ये लिहा.

कांजूरची सून : पोस्ट माझीच होती. पायाच्या प्रश्नावर सीएचं मत इंजिनिअरइतकंच धरायचं? आमच्याकडे 'सगळे समान' म्हणत दोन वर्षं नुसता तक्ता फिरला. गॅलरीचा स्लॅब पडला तेव्हा सासूबाई चार पावलांवर होत्या.

दादरकर : ताई, सारखं ठेवा असं मी कुठे म्हटलं? आधी ठरवा म्हटलं. नीट वाचा!

गिरगावचा भाडेकरू : आधी ठरवूनही फसवता येतं. अमेरिकेत नासाऊ काउंटी म्हणजे जिल्ह्याच्या सहा जणांच्या मंडळात 1964 साली ठराव पास व्हायला 115 पैकी 58 मतं लागत. वाटप 31, 31, 28, 21, 2, 2. पहिल्या तिघांतले कुठलेही दोन पुरेसे, म्हणून 21 वाल्याला किंमत शून्य. तुमच्याकडे दोघांची किंमत अगदी शून्य नव्हती, पण 60 टक्क्यांपुढे ते कमीच पडले. आणि एकमत होईना म्हणून अडून बसलेल्याचंच वजन घटवतात, ते? आमच्या इंजिनिअरने तळघरातल्या पार्किंगला विरोध केला, पुढच्या बैठकीत तो 30 चा 10 झाला. आता बिल्डरकडून मिळायचं भाडं आठ महिने थकलंय, आईला घेऊन डोंबिवलीला राहतोय.

मुलुंडचे काका : बिल्डरने पैसे बुडवले तर बँक भरेल अशी बँक गॅरंटी घेतली नव्हती? सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या 4 जुलै 2019 च्या सरकारी निर्णयात प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के आहे.

गिरगावचा भाडेकरू : काका, कागदावर आहे. कमिटीने मागितलीच नाही.

कांजूरची सून : मग दोष कमिटीचा, वेटेजचा नव्हे.

दादरकर : वेटेज कोण ठरवतं? कमिटीच ना?

कांजूरची सून : बरं, आधी ठरवावं, एवढं मान्य. पण ते आमसभेत ठरू दे. आणि भाऊ, थकलेल्या भाड्याची नोटीस दिलीत का?

गिरगावचा भाडेकरू : दोनदा. सेक्रेटरी पोच देत नाही.

मुलुंडचे काका : रजिस्टर पोस्टाने पाठवा, उद्याच.