बंदी नाही, पण दुकानात मिळतही नाहीत

काहीजण म्हणतात की महाराष्ट्रात गर्भपाताच्या गोळ्यांवर बंदी आहे. तशी बंदी नाही. यातल्या मिफेप्रिस्टोन या औषधाला देशात २००२ पासून परवानगी आहे, मिसोप्रोस्टॉल या दुसऱ्या औषधासोबतचं एकत्र पाकीट गरोदरपणाच्या ९ आठवड्यांपर्यंत चालतं. मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध कारवाया वाढल्यावर बऱ्याच औषध दुकानदारांनी 'नको ती कटकट' म्हणत माल ठेवणंच सोडलं. गंमत बघा, ९ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही! म्हणजे धाक भलत्याच औषधाला.

सुरक्षिततेबद्दल: वेळेत आणि नीट घेतल्या तर गोळ्या बहुतेकींना लागू पडतात, थोड्याजणींना नंतर पिशवी साफ करावी लागते. खरा धोका गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर. तिथे या गोळ्यांचा उपयोग नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून आधी तपासणी हवीच. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजताहेत, असं सलग दोन तास झालं, तर थेट दवाखाना गाठा.

आणि हो, गर्भपातासाठी सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. मागितली तर कायद्यातलं कलम विचारा.