मूस वाचवण्यासाठी मूसच मारावेत का?

वनरेषा
अमेरिकेच्या मेन राज्यात २०२१ पासून एका विभागात मूस या हरणकुळातल्या अवाढव्य प्राण्याच्या माद्यांच्या शिकारीचे परवाने मुद्दाम वाढवण्यात आले. दाटी कमी झाली की रक्त शोषून पाडसांचा जीव घेणाऱ्या गोचिडांना अंगावर चढायला जनावरे कमी मिळतील आणि उरलेली पाडसे हिवाळा काढतील, असा त्यामागचा विचार आहे आणि मला तो पटतो. सत्तरच्या दशकात स्प्रूस-फरच्या सूचिपर्णी जंगलात कोंब खाणारी अळी पडली, तेव्हा मैलोन्‌मैल सरसकट तोड झाली. त्या मोकळ्या जागी फुटलेल्या कोवळ्या झाडोऱ्यावर मूस पोसले गेले. म्हणजे ही दाटीही माणसाच्याच करणीची आहे. एप्रिलमध्ये खोडाला अंग घासून घासून केस गेलेले पांढुरके पाडस आणि त्याच्या मानेवर लगडलेले टपोरे राखाडी गोचीड ज्याने पाहिले, तो बंदुकीला सहज क्रूर म्हणणार नाही.

उशिराचा बर्फ
आपण निम्मेच सांगितलेत. गोचिडांची पिल्ले शरदात झुडपांच्या शेंड्यांवर झुबक्याने लटकून जनावराची वाट पाहतात; बर्फ लवकर पडला तर त्यांची संधी हुकते. हल्ली तो उशिरा पडतो आणि लवकर वितळतो, त्याला माद्या मारून काय होणार? मिनेसोटा राज्याच्या ईशान्य भागात २००६ मध्ये सुमारे ८,८०० मूस होते, ते २०१३ पर्यंत तीन हजारांच्या आत आले. राज्याने त्याच वर्षी शिकार बंद केली, तरी जुनी संख्या परतली नाही.

वनरेषा
मिनेसोटाचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांकडून गोगलगायींमार्फत मूसच्या मेंदूत कृमी जातो. हरणाला तो फारसा बाधत नाही, मूस मात्र दिशा हरवून गोल फिरत राहतो. कमी करायचीच तर तेथे हरणे करावी लागतील. बर्फाचे मान्य, पण परवाने दरवर्षी बदलता येतात, हिवाळा नाही.

उशिराचा बर्फ
परवाने वाढवणे सोपे आहे, हीच माझी धास्ती आहे. १९८९ च्या वन कायद्याने मेनमधील सरसकट तोडीला लगाम बसला आणि जुन्या तोडीच्या जागी फुटलेली झाडे आता उंच झाल्याने मूसचे तोंड त्यांच्या पाल्यापर्यंत पोहोचत नाही. चारा आपोआपच घटत असताना माद्याही मारल्या, तर पुढची घट गोचिडांमुळे, उपासमारीमुळे की गोळीमुळे झाली, हे कोणत्या मोजणीतून वेगळे काढणार?