जुन्या स्पोर्ट्स कारचा दम अचानक गेला, तेव्हा शेवटी काय सापडलं?

माझी गाडी 2005 ची, 1.8 टर्बो पेट्रोल. समृद्धीनं नागपूरला परत येत होतो. ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि गाडीनं मान टाकली. बंद पडली नाही, पण ओढेचना. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली, तर पहिल्यासारखी! घरी येईस्तोवर तीनदा हेच.

मग प्लग बदलले, कॉइल बदलल्या, पेट्रोल पंप बदलला. तीन मिस्त्री, तीन कारणं, 28 हजार रुपये. स्कॅनरवर कोड होता पी 0299, म्हणजे टर्बोचा दाब कमी. त्यावर एकजण टर्बोच नवा टाका म्हणाला. शेवटी रविवारी अंगणात मीच बसलो. टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला पीव्हीसीचं टोपण आवळलं, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, 10 पीएसआय हवा भरली आणि साबणाचं पाणी शिंपडत गेलो. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपला खालच्या अंगानं बोटभर चीर. एरवी ओठ मिटल्यासारखी बंद. दाब आला की उघडायची आणि फसफस फेस. म्हणून गल्लीत गाडी ठणठणीत आणि हायवेवर मेलेली.

तुमची गाडी नेमकी केव्हा दम सोडायची? पार्ट टाकला अन् झाली, एवढंच नको. कसं सापडलं ते लिहा.

वर्धा रोडवाला
माझी फक्त मे महिन्यात, भर दुपारी, टाकी पावाच्या खाली असली की. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो, त्यामुळे पंपच गेला असं समजून नवा टाकला. आठ दिवसांनी पुन्हा तेच! मग इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, प्रेशर गेज लावून ते वायपरखाली अडकवलं आणि खापरीपर्यंत गेलो. उभ्यानं 3 बार, पाय दाबला की 2 च्याही खाली. पंपाच्या प्लगवर मीटर धरला, तर बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि तिथे जेमतेम 10. अर्थची वायर हिरवी पडली होती. जुना पंप भंगारात देऊन बसलो होतो, तो चांगलाच होता राजेहो.

धरमपेठकर
एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचं घर, गादीचा कापूस आणि संत्र्याची सालं. विषय संपला.

रात्रपाळी
माझं दुखणं हळूहळू आलं. आधी एक सिलिंडर मिस करायचा, "चालते तर चालू दे" म्हणून तीन महिने तशीच हाणली. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळत होतं, हे नंतर कळलं. एका रात्री फुटाळ्यावर थांबलो, तर गाडीखाली कन्व्हर्टर निखाऱ्यासारखा लाल. व्हॅक्यूम गेज लावलं. 2500 आरपीएमवर धरलं की काटा खाली खाली सरकत होता, म्हणजे धूर पुढे निघत नव्हता. कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर खोलून चक्कर मारली. ट्रॅक्टरसारखा आवाज, पण ताकद परत. आतली जाळी वितळून बूच बसलं होतं. कॉइल आधी बदलली असती तर स्वस्तात सुटलो असतो.

कार्बोरेटर काका
तुमचे सेन्सर राहू द्या. आमच्या जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. 45 डिग्रीत सिग्नलवर उभी राहिली की पेट्रोलची वाफ व्हायची आणि पुढे आचके. बुटीबोरीला एका ट्रकवाल्यानं पंपावर ओलं फडकं गुंडाळून दिलं, 10 मिनिटांत निघालो. तेव्हापासून डिकीत पाण्याची बाटली आणि जुनी बनियान. बायको हसते, पण भिजवून तीच देते.

हिंगणा एमआयडीसी
इंजिन खोलायच्या आधी चारही रिमना हात लावून पाहा. माझा मागचा ब्रेक जाम होता, रिम तव्यासारखी. मी इंजेक्टर साफ करून बसलो होतो.

नवा मेंबर
माझी कामठी रोडवर पाचव्या गिअरमध्ये चार हजारच्या वर ओढून नाही राहिली. स्कॅनरवर काहीच नाही. आरपीएम एकटेच वर पळत नाहीत, म्हणजे क्लच नसावा. पंप बदलू का?

धागाकर्ता
थांबा, काही घेऊ नका. वर्धा रोडवाले भाऊ गेज देत असतील तर रविवारी येतो. टाकी मात्र पावच ठेवा, भरून आणू नका.

वर्धा रोडवाला
देतो. दुपारी 2 ला या, सकाळी नको. सकाळी ती शहाण्यासारखी वागेल.