मदत हवी आहे : इस्रोच्या 'युविका'साठी गावच्या मुलांची तयारी

नमस्कार मंडळी. मी नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरताना सगळ्या शाळेने एकत्र पाहिलं, आणि तेव्हापासून मुलांचे प्रश्न थांबलेलेच नाहीत. आठवीतली एक मुलगी तर वहीच्या मागच्या पानांवर रोज चंद्राची कोर काढते, शेजारी तारीख आणि वेळ. ढग असले की चौकोन रिकामा ठेवून 'दिसला नाही' असं लिहिते. इतकं प्रामाणिक निरीक्षण मोठ्यांकडूनही होत नाही. हिला पुढे न्यायचंच आहे.

इस्रोचा 'युविका' म्हणजे 'युवा विज्ञानी कार्यक्रम', शाळकरी मुलांना अवकाश विज्ञानाची ओळख करून देणारं प्रशिक्षण, नववीच्या मुलांसाठी असतो. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजुषा, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग हे धरतात, शिवाय ग्रामीण शाळांना वेगळा भारांक आहे. ही आमच्यासाठी मोठी संधी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या विद्यार्थ्याची निवड झाली आहे का? प्रमाणपत्रं कोणती चालतात, ग्रामीण शाळेचा दाखला कुणाच्या सहीचा लागतो? प्रश्नमंजुषेची तयारी मराठी माध्यमाच्या मुलांकडून कशी करून घेतलीत, हे जरा सविस्तर सांगा. इंग्रजी शब्दांपाशीच ती अडखळतात.

रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात मुलांना नेणारच आहोत. अमरावती रोडवरच्या सुदूर संवेदन केंद्रात (उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास होतो तिथे) शाळांना भेट देता येते का? परवानगीसाठी अर्ज कसा करायचा?

आणि शिक्षकांसाठी खगोलशास्त्राचं एखादं सुट्टीतलं प्रशिक्षण, शक्यतो मराठीतून, माहीत असेल तर तेही कळवा.