दूषित भरावावरच्या उद्यानात पावसाचं पाणी जागेवर मुरवावं का?

कच्चा_आराखडा

बंद पडलेल्या कारखान्याच्या साधारण १ हेक्टर जागेवर सार्वजनिक उद्यान करायचं आहे. वरचा दीड-दोन मीटर थर भरावाचा: राख, धातुमळी, विटांचे तुकडे. तपासणीत शिसं सरासरी ६०० मिग्रॅ प्रति किलो आलं, काही ठिकाणी आर्सेनिक सापडलं आणि जुन्या इंधनटाकीजवळ माती डिझेलने भिजलेली आहे. भूजल अडीच ते तीन मीटरवर लागतं. छपरं आणि फरसबंदी मिळून २४०० चौ. मी.

सध्याचा विचार असा: सगळं पाणी गवताच्या उथळ चरांतून रेन गार्डनमध्ये (पावसाचं पाणी धरणाऱ्या, झाडं लावलेल्या खोलगट वाफ्यात) आणून तिथेच मुरवायचं. भरावात सूर्यफूल, मोहरी आणि वाळा लावून शिसं हळूहळू काढून घ्यायचं. उत्तरेच्या कोपऱ्यात भराव नाही, माती स्वच्छ आहे, म्हणून मोठं रेन गार्डन तिकडे. यात काय चुकतंय? शक्यतो आकड्यांसकट सांगा.

भूजलरेषा

भरावातून पाणी मुरवू नका. कोरड्या भरावात शिसं बऱ्यापैकी जागच्या जागी बसलेलं असतं. त्यातून दर पावसात कित्येक घनमीटर पाणी सोडलं की बारीक कण आणि विरघळलेले धातू खाली सरकायला लागतात. रेन गार्डनच्या कंपोस्टमधून सेंद्रिय द्रव्यं झिरपतात. शिसं आणि तांबं त्यांना चिकटून पुढे जातं. शिवाय ही द्रव्यं कुजताना खालच्या ओल्या मातीतला ऑक्सिजन संपतो, लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांनी धरून ठेवलेलं आर्सेनिक सुटतं. म्हणजे वरून आत जाणारं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी अडचण मिटत नाही.

‘स्वच्छ कोपरा’ ऐकायला बरा वाटतो, पण तो भूजलाच्या प्रवाहात वरच्या बाजूला आहे की खालच्या, हे कळल्याशिवाय तिथे खड्डा काढू नका. वरच्या बाजूला असेल तर मुरवलेल्या पाण्याने तिथली पातळी फुगते, उतार वाढतो आणि डिझेलचा पट्टा शेजाऱ्याच्या हद्दीकडे ढकलला जातो. माती स्वच्छ असूनही जागा चुकीची ठरते. दिशा कळायला त्रिकोणात किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, आणि पातळ्या कोरड्या व ओल्या अशा दोन्ही हंगामांत घ्याव्या लागतात. दोन हंगामांत दिशा बदललेली दिसणं काही दुर्मीळ नाही.

६०० हा एकूण शिशाचा आकडा आहे. त्यातलं पाण्यात किती उतरतं, ही वेगळी चाचणी. प्रयोगशाळेला नुसतं ‘लीचिंग’ सांगितलं तर बहुतेक टीसीएलपी करून देतात. ती कचरा डेपोतल्या आम्लाची नक्कल आहे. तुम्हाला पावसाच्या पाण्याची नक्कल करणारी एसपीएलपी हवी. राख, मळी आणि डिझेलजवळची माती यांचे नमुने वेगवेगळे द्या. सगळं एकत्र कालवून काढलेल्या सरासरीचा इथे काही उपयोग नाही.

खडीवाळू

वरच्याशी सहमत. तरी रेन गार्डन रद्द करायची गरज नाही, फक्त त्याचा तळ बंद हवा: लायनर (पाणी न झिरपू देणारं अस्तर), तळाशी निचऱ्याची नळी आणि नियंत्रित आउटलेट.

आकारमान बघा. २५ मिमी पावसाचं ०.९ गुणांकाने (म्हणजे ९० टक्के पाणी वाहून येतं असं धरून) २४०० × ०.०२५ × ०.९ = ५४ घ.मी. पाणी येईल. १५० चौ. मी.चं गार्डन धरा. वर २०० मिमी साठा म्हणजे ३० घ.मी.; ६०० मिमी माध्यमात (झाडं लावायच्या वाळू-मातीच्या मिश्रणात) २० टक्के पोकळी धरून १८; खाली ३०० मिमी खडीत ४० टक्के धरून आणखी १८. एकूण ६६, म्हणजे पुरतं. मात्र खडीतला साठा आउटलेट आवळलेलं असेल तरच मोजायचा, नाहीतर पाणी तिथे थांबतच नाही. २५ मिमी भोकातून एक मीटर दाबाला सेकंदाला साधारण १.३ लिटर जातं. पातळी उतरेल तसा वेगही उतरतो, त्यामुळे रिकामं व्हायला जवळपास एक दिवस लागेल, आणि ते चालतं. याहून बारीक भोक ठेवलं की पानाच्या एका तुकड्याने तुंबतं. भोकाआधी जाळी द्या आणि ते हात पोचेल अशा चेंबरमध्ये ठेवा. मोठ्या पावसासाठी साठ्याच्या पातळीवर वेगळा ओव्हरफ्लो हवा, आणि त्याचं पाणीही उघड्या भरावावर सोडायचं नाही.

थर खालून वर: न विणलेलं जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं कृत्रिम कापड, ३००–४०० ग्रॅम प्रति चौ. मी.), लायनर, पुन्हा तेच जिओटेक्स्टाइल, मग धुतलेली १२–२० मिमी खडी आणि तिच्यात १५० मिमी सच्छिद्र नळी, किमान ०.५ टक्के उताराने. नळीच्या वरच्या टोकाला सफाईसाठी उभा पाइप काढून ठेवा. खडीवर ६–१० मिमी बारीक खडीचा ७५ मिमी थर, त्यावर माध्यम. खडी आणि माध्यमाच्या मध्ये कापड घालू नका. गाळ तिथेच बसतो आणि सगळं गार्डन तुंबतं. माध्यमात वजनाने ८५ टक्क्यांच्या आसपास वाळू, १० टक्के बारीक कण, ५ टक्क्यांपर्यंत कंपोस्ट. कंपोस्ट वाढवायचा मोह होतो, पण जास्तीचं फॉस्फरस सरळ आउटलेटमधून बाहेर पडतं.

डिझेल असल्यामुळे ईपीडीएम रबर वापरू नका, तेलाने ते फुगतं. १.५ मिमी एचडीपीई प्लास्टिक टिकतं, पण ताठ असतं, लहान वाकड्या कोपऱ्यांत बसत नाही. म्हणून गार्डनचा आकार सरळ ठेवा. आराखड्यात लाटांसारख्या कडा काढल्या असतील तर त्या वरच्या दगडी काठाला द्या, लायनरला नको. गळती बहुतेक वेळा नळी लायनरमधून बाहेर पडते त्या जागी होते. तिथे सपाट काँक्रीटचा चेहरा करून वेल्ड केलेला बूट (नळीभोवतीची लायनरची बाही) बसवा. माध्यम टाकण्याआधी पाणी भरून ४८ तास पातळी मोजा. बाष्पीभवन वजा करायला शेजारी पाण्याची बादली ठेवा.

मुळं_आणि_माती

सूर्यफुलाचा हिशोब मांडून बघा. ३० सेंमी थर, घनता १.४: हेक्टरी ४२०० टन माती. शिसं ६०० वरून ४०० वर आणायचं तर ८४० किलो काढावं लागेल. वर्षाला १० टन कोरडं पीक आलं आणि त्यात १०० मिग्रॅ प्रति किलो शिसं उतरलं (हेही उदार गृहीतक आहे) तर निघतं १ किलो. म्हणजे ८४० वर्षं. शिसं मुळांशीच अडकतं, पानांत फार चढत नाही. ईडीटीए (धातूंना धरून विरघळवणारं रसायन) घालून ते चढवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण तेच रसायन शिसं भूजलातही पोचवतं. पावसाच्या पाण्याशी संबंध असलेल्या जागेवर ते नकोच. वाळा जरूर लावा, पण उताराची माती धरून ठेवायला. आर्सेनिकसाठी टेरिस व्हिटाटा हे नेचं खरोखर काम करतं, मात्र कापलेली पानं घातक कचरा समजून हाताळावी लागतात आणि उद्यानात ते रोज कोण करणार, हे आधी ठरवा.

शिसं स्थिर करायला फॉस्फेट घाला असा सल्लाही इथे कुणीतरी देईल. एकट्या शिशाला तो ठीक. तुमच्याकडे आर्सेनिकही आहे, आणि मातीच्या कणांवरच्या त्याच्या जागा फॉस्फेट बळकावतं, म्हणजे आर्सेनिक मोकळं. चुनाही हात राखून: सामू ६.५ ते ७.५ मध्ये असू द्या.

खरं काम आच्छादनाचं आहे. भरावावर भडक केशरी रंगाचं खुणेचं जिओटेक्स्टाइल आणि त्यावर ६०० मिमी तपासलेली स्वच्छ माती. उद्या कुणी दिव्याचा खांब पुरायला खणलं तर केशरी दिसताच थांबेल. झाडांना खड्डे खणण्यापेक्षा एक-सव्वा मीटर उंचीचे मातीचे उंचवटे करा. उथळ मातीतलं मोठं झाड वादळात उन्मळलं की मुळांसोबत खालचा भराव वर येतो.

कच्चा_आराखडा

८४० वर्षं वाचून सूर्यफुलं रद्द. लायनरऐवजी दाबलेली चिकणमाती चालेल का? आणि सगळंच बंद केलं तर भूजल पुनर्भरण शून्य होणार. ते टाळता येतं का?

खडीवाळू

चिकणमातीचा थर १५० मिमीच्या पट्ट्यांत, योग्य ओलाव्याहून किंचित ओला दाबला तर पारगम्यता १०⁻⁹ मीटर प्रति सेकंदापर्यंत उतरते. दाबाचा उतार १ असताना (म्हणजे पाण्याच्या पातळीतला फरक थराच्या जाडीएवढा असताना) वर्षाला सुमारे ३० मिमी झिरपेल. कागदावर छान. पण कोरड्या महिन्यांत तळ वाळला की भेगा पडतात आणि मुळं त्याच भेगांतून खाली जातात. तलावासारखं कायम पाणी असेल तर चिकणमाती, वाळणाऱ्या रेन गार्डनला मेंब्रेन, म्हणजे वर सांगितलेला प्लास्टिकचा लायनर.

मेंब्रेन घालताना दोन गोष्टी विसरल्या जातात. भूजल लायनरच्या वर चढलं तर लायनर उचलला जातो. तुमच्या ६०० मिमी माध्यम आणि ३०० मिमी खडीचं वजन साधारण १.४ टन प्रति चौ. मी. आहे, म्हणजे १.४ मीटर पाण्याच्या दाबाला पुरून उरेल. पण लायनर अंथरून तो रिकामा ठेवला आणि पाऊस आला तर हे वजन तिथे नसतं. म्हणून अंथरणं आणि भरणं एकाच कोरड्या सलग टप्प्यात. दुसरं, डिझेलजवळच्या लायनरखाली वाफा साठतात आणि आडव्या सरकून जवळच्या इमारतीत शिरतात. तिथे खाली खडीचा वायुवाट थर आणि उघड्या हवेत सोडलेली नळी द्या.

दगडीकाठ

सगळीकडे लायनर हा सल्ला मला जरा सरसकट वाटतो. एसपीएलपीचे निकाल चांगले आले, जागा भूजलाच्या प्रवाहात खालच्या बाजूला असली आणि खाली भराव नसला तर उत्तर कोपऱ्यात फक्त छपराचं पाणी मुरवायला हरकत नाही. फरसबंदीचं पाणी मात्र बंद गार्डनमध्येच. आणि मुरवताना पाण्याचा उंचवटा पसरून डिझेलच्या पट्ट्याची दिशा वळत नाही ना, हे विहिरींतून बघत राहायचं.

जर्मनीत जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर केलेल्या डुइसबुर्ग-नोर्डच्या उद्यानात आराखडाकार पीटर लात्झ यांनी हीच विभागणी केली आहे: जुन्या एमशर नदीचं सांडपाणी खाली बंद नळीत, वर चिकणमातीने बंद केलेल्या पात्रात छपरांवरून आलेलं स्वच्छ पावसाचं पाणी. दोन्ही पाण्यांची गाठ पडत नाही. उलट बाजूने अमेरिकेतल्या सिॲटलचं, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवरचं गॅस वर्क्स पार्क बघा. १९७५ साली ते खुलं झालं तेव्हा त्याचे आराखडाकार रिचर्ड हाग यांनी मैल्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मातीत कालवून जैविक पद्धतीने तेलकट माती सुधारायचा मार्ग घेतला होता. त्याचा उपयोग झाला, पण नंतरच्या काळात स्वच्छ मातीचं आच्छादन घालावंच लागलं. डिझेलसाठी ही पद्धत मी विचारात घेईन. शिशाला तिचा काही परिणाम नाही.

भूजलरेषा

@दगडीकाठ, अट मान्य, पण आधी दोन्ही हंगामांच्या पातळ्या हातात येऊ देत.

एक राहिलं: गटारांचे चर. नळीखाली घातलेली वाळू-खडी भरावातून जाणारा तयार रस्ताच असते. दूषित पाणी नळीच्या बाहेरून, बेडिंगमधून पळतं. दर २०–३० मीटरवर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा) आडवा बांध घाला. डिझेलच्या भागात नळीच्या जोडांना नायट्राइल रबरच्या रिंगा वापरा, साध्या रिंगा फुगतात. माध्यम सगळ्यात शेवटी टाका, वरची माती गवताने धरल्यावर. आधी टाकलं तर भरावाचा गाळ वाहून त्यात बसतो, गार्डन तुंबतं आणि वर दूषितही होतं. विकत आणलेली ‘स्वच्छ’ माती आणि वाळूसुद्धा ट्रकमधून उतरण्याआधी तपासा.

आउटलेटच्या चेंबरमध्ये नमुना घेता येईल एवढी खोली ठेवा. पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा शिसं, आर्सेनिक आणि तेल मोजा. पाऊस थांबून तीन-चार दिवस झाले, गार्डन कोरडं आहे आणि तरीही नळीतून धार येते, तर पाणी बाहेरून आत शिरतंय. अशा वेळी माध्यम उकरण्याआधी नळीचा बूट तपासा.