मदत हवी आहे: जर्मनीत जमिनीतल्या उष्णतेवरचं हीटिंग, बोअर आधी की सबसिडीचा अर्ज आधी?

अंगणवाली:

नमस्कार मंडळी. आम्ही स्टुटगार्टपासून अर्ध्या तासावर, ब्योब्लिंगनच्या बाजूला राहतो. रो हाऊसमधलं कडेचं घर आहे, मागे छोटी बाग आणि पुढे एक गाडी मावेल एवढी जागा. घर घेतलं तेव्हापासून तळघरात १९९८चा गॅस बॉयलर आहे, अजून चालतोय पण गेल्या हिवाळ्यात दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा मुलं तापाने आजारी होती, त्यामुळे आता मला तो पुढच्या थंडीत नकोच आहे.

हवेवरचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घर तापवणारा, हीट पंप लावायचा तर बाहेरचं युनिट शेजारच्या आजींच्या बेडरूमच्या खिडकीपासून फार तर तीन मीटरवर येतं. त्या ८६ वर्षांच्या आहेत, आम्ही इथे नवीन होतो तेव्हा आमची पार्सलं घ्यायच्या, मुलांना केक द्यायच्या. त्यांच्या उशाशी रात्रभर पंखा फिरत राहावा असं मला अजिबात वाटत नाही. म्हणून जमिनीत बोअर मारून त्यातून उष्णता घ्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

आता अडचण अशी की बोअरवाल्याचं कोटेशन वेगळं आणि हीटिंगवाल्याचं वेगळं. दोन्ही मिळून ४७,००० युरो. बोअरवाला म्हणतो लवकर सही करा आणि ३० टक्के अ‍ॅडव्हान्स भरा नाहीतर स्लॉट जाईल, हीटिंगवाला म्हणतो सबसिडीचं तुम्ही बघा, आणि ऑफिसातला एक सहकारी म्हणतो की आधी सही केलीस तर एक पैसा मिळणार नाही. गेले तीन आठवडे मुलं झोपली की मी हे सगळं वाचत बसते, पण जर्मन सरकारी भाषेतलं एक वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होतं.

माझे प्रश्न असे, की सही आधी का अर्ज आधी, बोअरचा खर्च सबसिडीत धरतात का, आणि उन्हाळ्यातली उष्णता जमिनीत साठवून हिवाळ्यात वापरता येते असं वाचलं त्यालाही सरकार पैसे देतं का. आणि एक भीती पण आहे. बोअरमुळे घरांना तडे गेलेल्या श्टाउफेन गावाबद्दल वाचल्यापासून झोप नीट लागत नाहीये, आमच्या भागात तसं होऊ शकतं का? बाबा संगमेश्वरहून फोनवर विचारत होते की आपल्या तुरळ-राजवाडीला जसं गरम पाणी वर येतं तसं तिकडे खाली आहे का, त्यांनाही नीट उत्तर देता आलं नाही.

श्वाबियन_पुणेकर:

ताई, पहिली गोष्ट, अजून सही केली नसेल तर करू नका. आणि करायची तर त्यात एक अट घालूनच करा. आम्ही दीड वर्षापूर्वी या सगळ्यातून गेलोय.

तुम्हाला लागते ती केएफडब्ल्यू या सरकारी बँकेची ४५८ नंबरची ग्रँट. अर्ज करतानाच तुमच्याकडे करार लागतो, पण त्या करारात असं लिहिलेलं हवं की केएफडब्ल्यूने मंजुरी दिली तरच हा करार लागू होईल, किंवा मंजुरी नाकारली तर तो आपोआप रद्द होईल. काम साधारण कधी होणार ती तारीखही त्यात हवी. बिनशर्त सही करून बसलात तर काम सुरू झालं असं धरतात आणि अर्ज बाद होतो, तुमचा सहकारी बोलला ते याच अर्थाने खरं आहे. चौकशी, प्लॅनिंग, सल्ला, सरकारी परवानगीचा अर्ज हे सगळं मात्र आधी केलेलं चालतं, ते कामाची सुरुवात धरत नाहीत.

मग हीटिंगवाला किंवा एनर्जी कन्सल्टंट ऑनलाइन एक कन्फर्मेशन काढतो, त्याला इथे सगळे बेत्साआ म्हणतात, त्याचा नंबर घेऊन अर्ज तुम्ही स्वतः केएफडब्ल्यूच्या पोर्टलवर भरायचा. मंजुरीनंतर कामाला ३६ महिने मिळतात. पैसे सगळं झाल्यावर, बिलं चढवल्यावर येतात, म्हणजे तोवर ४७,००० तुमच्याच खिशातून जाणार हे लक्षात घेऊन चला. कमी पडत असतील तर मंजुरी मिळालेल्यांना त्याच बँकेचं पूरक कर्ज मिळतं.

आता टक्के. मूळ ३०. स्वतः राहत असाल आणि जुना गॅस बॉयलर २० वर्षांहून जुना असेल तर वर २०, तुमचा १९९८चा आहे म्हणजे बसतो, फक्त तो काढून त्याची विल्हेवाट लावावी लागते. उष्णता जमिनीतून घेताय म्हणून आणखी ५. घरातलं करपात्र उत्पन्न वर्षाला ४०,०००च्या आत असेल तर आणखी ३०, पण सगळं धरून ७०च्या वर जात नाही. उत्पन्न बघताना चालू वर्षाचं बघत नाहीत, अर्जाच्या वर्षाआधीचं दुसरं आणि तिसरं वर्ष घेऊन सरासरी काढतात, त्यामुळे तेव्हा तुमच्यापैकी कोणी घरी मुलांकडे असाल तर ते टॅक्सचे कागद नक्की काढून बघा. आमच्या ओळखीच्या एकांनी बघितलेच नव्हते, नंतर हळहळले.

आणि जी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नाही ती म्हणजे टक्के ४७,०००वर मिळत नाहीत. एका घराला ३०,०००पर्यंतचाच खर्च धरतात. बोअरचा खर्च त्यात धरतात, पण मर्यादा हवेवरच्या पंपालाही तीच आणि बोअरलाही तीच. म्हणजे तुम्हाला ५५ टक्क्यांनी १६,५०० मिळतील. प्रोपेनवर चालणाऱ्या हवेच्या पंपालाही तो ५ टक्क्यांचा बोनस मिळतो, तेव्हा जो माणूस जास्त खर्च करून शांत आणि कमी वीज खाणारी सिस्टीम घेतो त्याला सरकारकडून त्याबद्दल वेगळं काहीच नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, इथल्या खासदाराला तसं पत्रही लिहिलंय.

खडक_आणि_माती:

बाबांना सांगा की तुरळचं वेगळं. तिथे पाणी खूप खोल जाऊन तापून भेगांतून वर येतं. तुमच्या बागेखाली गरम पाणी नाही, दहा-पंधरा मीटरच्या खाली जमीन वर्षभर साधारण १० ते १२ अंशांवर असते एवढंच. बाहेर उणे ८ असताना पंपाला १० अंशांची जमीन मिळते, म्हणून त्याला कमी कष्ट पडतात. आपल्याकडे विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं ना, त्यातलाच प्रकार.

श्टाउफेनबद्दल भीती वाटणं साहजिक आहे, पण तिथे नेमकं काय झालं ते बघा. २००७ साली नगरपालिकेच्या इमारतीसाठी १४० मीटरचे सात बोअर मारले. खाली अ‍ॅनहायड्राइटचा, म्हणजे पाणी नसलेल्या जिप्समचा थर होता, बोअरमुळे भूजल त्या थरात शिरलं. अ‍ॅनहायड्राइटला पाणी मिळालं की त्याचं जिप्सम होतं आणि आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. जमीन फुगत गेली, काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जास्त वर आली, जुन्या गावातल्या अडीचशेच्या वर घरांना तडे गेले. ब्योब्लिंगनमध्येही याच कारणाने घरांचं नुकसान झालंय, म्हणजे तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, तुमच्या पट्ट्यात तो थर ठिकठिकाणी सापडतो.

त्यानंतर तुमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने नियम कडक केले. जिप्समचा थर लागला की तिथेच थांबायचं. राज्याच्या भूगर्भ खात्याचा इसाँग नावाचा नकाशा ऑनलाइन आहे, त्यात पत्ता टाकला की तुमच्या जागेवर किती मीटरपर्यंत परवानगी आहे ते दिसतं. तो आधी बघा आणि मगच बोअरवाल्याचं कोटेशन वाचा. १०० मीटरपर्यंतचं काम जिल्ह्याच्या पाणी खात्याच्या परवानगीवर होतं, त्याहून खोल गेलात की खाणकायदा लागतो. स्टुटगार्ट शहरात तर बाड कानश्टाटच्या खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी संरक्षित क्षेत्र आहे, तिथे आणखी बंधनं.

बोअरवाल्याला दोन गोष्टी लेखी विचारा, वे १२० सर्टिफिकेट (बोअर कंपनीच्या पात्रतेचं) आहे का, आणि चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई देणारा विमा आहे का. सबसिडीलाही या दोन्ही लागतात. जो टाळाटाळ करेल त्याला बागेत पाऊल ठेवू देऊ नका.

अंगणवाली:

तुमच्या दोघांचे किती आभार मानू. आत्ताच इसाँगवर पत्ता टाकला आणि पोटात गोळाच आला, कारण आमच्या जागेवर ४८ मीटरच दाखवतंय आणि कोटेशनमध्ये ७० मीटरचे दोन बोअर लिहिलेत! म्हणजे त्या माणसाने नकाशा न बघताच दर लावला की काय? तो तर मला सही करायला घाई करत होता. ४८ मीटरच्या आत तेवढीच उष्णता मिळवायला तीन बोअर लागतील ना? दोन बोअरांत सहा मीटर अंतर हवं असं तोच म्हणाला होता, बागेत तिसरा मावत नाही. आणि ते उन्हाळ्यात उष्णता साठवायचं कोणी सांगाल का?

डच_सातारी:

साठवणुकीचं मी सांगतो, मी नेदरलँड्समध्ये याच क्षेत्रात काम करतो. इथे वाळूच्या थरात भूजल भरपूर आहे, म्हणून दोन विहिरी असतात, एक गरम आणि एक थंड. उन्हाळ्यात थंड विहिरीतलं पाणी काढून इमारत गार करायची, तापलेलं पाणी गरम विहिरीत सोडायचं, हिवाळ्यात उलट. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठाचा अख्खा कॅम्पस असा चालतो.

पण एका घरासाठी हे जमत नाही, आणि कारण साधं आहे. मोठा हंडा उशिरा निवतो, वाटी लगेच निवते. जमिनीतला साठा लहान असला की त्याची उष्णता चारही बाजूंनी निघून जाते. तुमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्येच याची चांगली उदाहरणं आहेत. क्राइल्सहाइमला ५५ मीटरचे ८० बोअर मारून ३७,५०० घनमीटर जमीन सूर्याच्या उष्णतेने तापवतात, नेकार्सउल्मला तर ५००हून जास्त बोअर आहेत. फ्रीड्रिशहाफेनला १९९६ पासून १२,००० घनमीटरची पाण्याची जमिनीतली टाकी होती. हे सगळं वस्तीच्या पातळीवर होतं.

तुमच्या घरी फ्लोअर हीटिंग असेल तर उन्हाळ्यात त्याच पाइपांतून घरातली उष्णता बोअरमध्ये सोडता येते, घर तीन-चार अंश गार राहतं आणि हिवाळ्यात थकलेली जमीनही परत सावरते. कॉम्प्रेसर बंदच असतो, फक्त पाण्याचा छोटा पंप चालतो. त्याला साठवण म्हणण्यापेक्षा जमिनीचं देणं फेडणं म्हणा.

मोठ्या साठ्यासाठी जर्मनीत वेगळी योजना आहे. १६पेक्षा जास्त इमारती किंवा १००पेक्षा जास्त घरं एका नेटवर्कवर येत असतील तर बाफा या केंद्र सरकारी खात्याकडून अभ्यासाच्या खर्चाचे ५० टक्के आणि बांधकामाचे ४० टक्क्यांपर्यंत मिळतात. साठवणही त्यात बसते. दोन ते १६ इमारतींच्या छोट्या नेटवर्कलाही सबसिडी आहे, पण तो नेहमीच्या इमारत योजनेतला भाग. तुमच्या रांगेत किती घरं आहेत?

अंगणवाली:

नऊ. त्यातल्या चार जणांचे बॉयलर आमच्याइतकेच जुने आहेत, आजींचा तर त्याहून जुना. पण सगळ्यांना एकत्र आणायचं म्हणजे दोन वर्षं सहज जातील आणि मला पुढचा हिवाळा काढायचाय.

श्वाबियन_पुणेकर:

ताई, तुमचं आत्ता करा, पण नंतर शेजाऱ्यांचं नेटवर्क झालं तर पाइप त्याला जोडता येईल असा ठेवायला सांगा. तिसऱ्या बोअरसाठी पुढची गाडीची जागा बघा, आमच्या गल्लीत एकांनी तिथेच मारलाय आणि वर परत फरशी बसवली, मशीनलाही पुढून यायला सोपं पडलं. सीमेपासूनचं अंतर पाणी खात्याला विचारा, शेजाऱ्यांची लेखी संमती लागू शकते.

आणि मनात शंका येत असेल की एवढा खर्च फिटेल का, तर आमचा हिशोब सांगतो. घराला वर्षाला १६,५०० युनिट उष्णता लागते. हवेवरच्या पंपाला त्यासाठी साधारण ५,१५० युनिट वीज लागली असती, आमचा जमिनीवरचा ३,९०० घेतो. ३० सेंटने वर्षाला पावणेचारशे युरो वाचतात. निव्वळ पैशात बघितलं तर बोअरचा जास्तीचा खर्च फिटायला खूप वर्षं लागतात. पण बोअर पन्नासेक वर्षं टिकतो, पंप बदलला तरी तो तसाच राहतो, आणि रात्री आमच्या अंगणात काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

अंगणवाली:

आजी मला हव्या आहेत शेजारी, आणि त्यांची झोपही, त्यामुळे तो हिशोब माझ्यासाठी झाला.

आज केलेलं लिहून ठेवते, माझ्यासारखं कोणी शोधत आलं तर कामी येईल. बोअरवाल्याला मेल केला की ४८ मीटरच्या मर्यादेत नवीन कोटेशन द्या, वे १२० आणि विम्याची प्रत जोडा, आणि करारात मंजुरीची अट व कामाची तारीख घाला, अ‍ॅडव्हान्स मंजुरीनंतरच. तासाभरात फोन आला, आवाज जरा चढलेला होता, पण अट घालायला तयार झाला. विम्याची प्रत अजून आली नाहीये, ती आल्याशिवाय मी हलणार नाही. हीटिंगवाल्याच्या करारातही तीच अट घालून घेतेय. जमिनीच्या नोंदीचा उतारा आणि रहिवासाचा दाखला मागवलाय, २० टक्क्यांच्या बोनससाठी दोन्ही लागतात. पाणी खात्यातल्या बाई फोनवर फार छान बोलल्या, सोमवारी पुढच्या जागेचा नकाशा घेऊन बोलावलंय.

संध्याकाळी आजींकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ बघितला आणि विचारलं, माझ्या कुंपणाजवळ मारलास तर तुला सोपं पडेल का, मी सही करते.